सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा

नागपूरच्या सीताबर्डीवर इंग्रजांनी बांधलेला किल्ला आहे. त्याच्या एका अंगाला महाल, इतवारी ही भोसल्यांच्या वेळची दाट वस्ती आणि दुसऱ्या अंगाला रुंद रस्त्यांची, बंगल्यांची सिव्हिल लाइन्स. १९२३ साली एका नागपुरातून दुसऱ्या नागपुरात जायला कोणाला अडकाठी नव्हती. टांगे जात, खानसामे बाजारहाटाला येत, कारकून कचेरीला जात. मनाई होती ती एकाच गोष्टीला. खादीचा एक तिरंगी तुकडा काठीला बांधून, चारचौघांनी मिळून, मिरवणुकीने पुढे जायचे नाही. जिल्हा मॅजिस्ट्रेटने तसा हुकूमच काढला होता.

१ मे १९२३ पासून साडेतीन महिने रोज माणसे तो तुकडा घेऊन निघत, ठरल्या जागी पोलीस त्यांना अडवत, ती मागे वळायला नकार देत आणि तुरुंगात जात. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. आरडाओरडा नाही, दगडफेक नाही. आपल्या राष्ट्रध्वजाच्या इतिहासात हे प्रकरण एका ओळीत उरकले जाते. रंग कोणी सुचवले, चक्राला आरे किती, कापडाचे प्रमाण काय, याची माहिती मात्र पानभर असते. मला हे प्रमाण उलटे वाटते. समित्यांनी रंगांचे अर्थ पुढे बदलले. नागपुरात त्या कापडाला जो अर्थ चिकटला, तो कोणत्याच समितीला पुसता आला नाही.

मराठी माणसाला निशाणाची भाषा नवी नव्हती. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी बाळाजीपंत नातूंनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवले, तेव्हा पुण्याला पेशवाईचे काय झाले हे वेगळे सांगावे लागले नाही. त्यानंतर दहा दिवसांच्या आत याच सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, आणि पुढे त्या टेकडीवर किल्ला उभा राहिला. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. भगवा, जरीपटका ही निशाणे राजाची आणि फौजेची होती. राजा गेला, फौज गेली, निशाण उतरले. १९२३ मधला झेंडा मात्र कोणत्याही राजाचा नव्हता, त्याच्यामागे फौज नव्हती आणि तो लावायला स्वतःच्या मालकीचा बुरूजही नव्हता. इंग्रज अधिकाऱ्यांना त्याचे काय करावे हे कळेना, याचे मूळ यात असावे.

तोवर हिंदुस्थानचे म्हणून बरेच झेंडे तयार होऊन गेले होते. ऑगस्ट १९०६ मध्ये कलकत्त्यात स्वदेशीच्या चळवळीत एक फडकला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टला समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मॅडम कामांनी भर सभेत एक उलगडला. त्याच्या घडणीत सावरकर आणि त्यांच्या मंडळींचा हात होता. हिरवा, पिवळा, तांबडा असे पट्टे, कमळे, सूर्य, चंद्रकोर आणि मधोमध 'वंदे मातरम्'. इंदुलाल याज्ञिकांनी हा झेंडा पुढे हिंदुस्थानात आणला आणि तो पुण्यात केसरी-मराठा संस्थेत आहे. १९१७ च्या सुमारास टिळक आणि अॅनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा झेंडा आला. पाच तांबडे आणि चार हिरवे पट्टे, त्यांवर सप्तर्षी, एका कोपऱ्यात चंद्रकोर आणि दुसऱ्या कोपऱ्यात चक्क युनियन जॅक. मागणी साम्राज्याच्या आत राहून स्वराज्य मिळवण्याची होती, तेव्हा झेंडाही तसाच.

हे सगळे झेंडे बुद्धिमान माणसांनी विचारपूर्वक रेखाटले होते. त्यांवर खुणांची दाटीही भरपूर होती. तरी ते रुजले नाहीत. स्टुटगार्टचा झेंडा पाहिलेली माणसे परदेशात, कलकत्त्याचा पाहिलेली एका शहरात, आणि होमरूलचा झेंडा त्या चळवळीबरोबरच मावळला. झेंडा रुजायचा तर तो हजारो हातांतून जावा लागतो, आणि घरी शिवता येण्याइतका सोपा असावा लागतो. सप्तर्षींचे तारे नेमके कोणत्या कोनात लावायचे हे खेड्यातल्या शिंप्याने कोणाला विचारायचे?

सोपा झेंडा आला तो १९२१ साली. मार्चअखेरीस बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक होती. मच्छलीपट्टणचे पिंगली वेंकय्या अनेक वर्षे राष्ट्रध्वजाच्या ध्यासाने पछाडलेले होते. देशोदेशीच्या झेंड्यांचा अभ्यास करून त्यांनी नमुन्यांचे पुस्तकही काढले होते. झेंड्यावर चरखा असावा ही सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची. गांधीजींनी वेंकय्यांना तांबड्या आणि हिरव्या रंगांवर चरखा काढून आणायला सांगितले. नमुना तयार होऊन हाती पडेपर्यंत बैठक संपत आली होती, त्यामुळे समितीपुढे तो ठेवलाच गेला नाही. गांधीजींना हा उशीर बरा वाटला. विचार करायला सवड मिळाली तेव्हा त्यांच्या लक्षात आले की, तांबडा हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा, तर बाकीच्यांचे काय? म्हणून पांढरा पट्टा आला. पांढरा सर्वांत वर, मध्ये हिरवा, खाली तांबडा, आणि तिन्हींवर पसरलेला चरखा. संख्येने लहान ते वर आणि मोठे ते तळाशी, बलवानाने दुर्बळाची ढाल व्हावे, असा गांधीजींचा हिशेब होता.

हा झेंडा काँग्रेसने ठराव करून स्वीकारला नव्हता. पुढची दहा वर्षे तो तसाच, कागदावर बेवारस, पण चळवळीत सगळीकडे वापरला गेला. नागपूरला माणसे ज्याच्यासाठी तुरुंगात गेली तो झेंडा अधिकृतपणे कोणाचाच नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सत्याग्रहाची गंमत कळते.

नागपूरच्या प्रकरणाची सुरुवात जबलपूरला झाली. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी असहकार थांबवला, मार्चमध्ये त्यांना अटक होऊन सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते येरवड्याला गेले. काँग्रेसमध्ये फूट पडली. कौन्सिलांत शिरून लढू म्हणणारे चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांचे फेरवाले एकीकडे, आणि गांधींच्या कार्यक्रमात काडीचाही बदल नको म्हणणारे नाफेरवाले दुसरीकडे. करायला काही उरलेले नाही अशी ती मरगळ होती. अशा वेळी काँग्रेस नेत्यांच्या स्वागताच्या निमित्ताने जबलपूरच्या टाऊन हॉलवर तिरंगा चढला. ही बातमी लंडनला पोचली, तिथे पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले आणि असे पुन्हा घडू देणार नाही असे आश्वासन दिले गेले. झेंडा कोणाच्या खिजगणतीत नव्हता, तो या आश्वासनाने मोठा झाला.

मार्च १९२३ मध्ये जबलपूरला पुन्हा तोच प्रसंग आला. डेप्युटी कमिशनरने अट घातली की शेजारी युनियन जॅक लावा. म्युनिसिपालिटीच्या सभासदांनी ती मानली नाही. गांधीजींच्या शिक्षेला वर्ष झाले त्या दिवशी, १८ मार्चला, पंडित सुंदरलाल यांच्या पुढाकाराने मिरवणूक निघाली. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान आणि त्यांचे पती लक्ष्मणसिंह तिच्यात होते. पोलिसांनी झेंडा हिसकावला, सुंदरलालांना शिक्षा झाली आणि झेंडा पायदळी तुडवला गेल्याची बातमी प्रांतभर पसरली.

जबलपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात, आणि नागपूर त्या प्रांताची राजधानी. १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरात झेंड्याची मिरवणूक निघाली. शहरात तिला कोणी हटकले नाही. सिव्हिल लाइन्सच्या तोंडाशी मात्र पोलिसांच्या लाठ्या बसल्या. मग मनाईचा हुकूम निघाला, आणि हुकूम निघाला म्हणून १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. इंग्रजांनी त्या दिवशी मिरवणूक जाऊ दिली असती, तर बंगल्यांतल्या मडमांनी पडदे सारून पाहिले असते आणि सगळे घरी जाऊन जेवले असते.

सत्याग्रहाची सूत्रे जमनालाल बजाजांकडे होती. वर्ध्याचे कापसाचे मोठे व्यापारी, काँग्रेसचे खजिनदार, आणि मिळालेली रायबहादुरी सरकारला परत केलेले गृहस्थ. हे सांगण्याचे कारण असे की तोवर सरकारची समजूत होती, झेंडे मिरवणारे म्हणजे बेकार पोरे. जमनालालजी पेढीचे गणित जाणणारे होते. किती माणसे कोणत्या दिवशी पाठवायची, पैसा किती लागेल, तुकड्या तुटू द्यायच्या नाहीत, हे सगळे त्यांनी व्यापाऱ्याच्या शिस्तीने लावले. जूनच्या मध्याला त्यांना अटक झाली आणि अठरा महिन्यांची कैद व तीन हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. दंड भरायला त्यांनी नकार दिला, तेव्हा सरकारने त्यांची मोटारगाडी जप्त करून लिलावाला काढली. नागपुरात एकही माणूस बोली लावायला पुढे येईना. शेवटी ती गाडी विकण्यासाठी काठेवाडात धाडावी लागली. त्या काळी मोटारगाडी म्हणजे किती अपूर्वाईची चीज! ती फुकटासारखी मिळत असताना शहराने हात मागे घ्यावा, याहून मोठा जाहीरनामा नागपूरला काढता आला नसता.

वर्ध्याच्या आश्रमात दोन वर्षांपूर्वी येऊन राहिलेले विनोबा भावेही याच सत्याग्रहात पकडले गेले. त्यांनी नागपूर आणि अकोल्याच्या तुरुंगांत दिवस काढले. सुभद्राकुमारी जबलपूरहून आल्या आणि अटक करवून घेतली. अशा तऱ्हेने अटक झालेल्या त्या पहिल्या स्त्रियांपैकी मानल्या जातात. हळूहळू गुजरात, बिहार, कर्नाटक, तामिळनाडू इथून तुकड्या यायला लागल्या. नागपूरच्या स्टेशनवर उतरायचे, काँग्रेसच्या छावणीत मुक्काम करायचा, सकाळी झेंडा घ्यायचा, संध्याकाळी तुरुंगात. बहुतेकांना मराठी येत नव्हते आणि सिव्हिल लाइन्स नेमकी कुठे आहे हेही ठाऊक नव्हते. दीड हजाराहून अधिक माणसे अशी आत गेली. सगळ्यांनीच तग धरला असे म्हणता येणार नाही. तुरुंगातल्या हालांनी कंटाळून काही जण माफी लिहून देऊन बाहेर आले. ज्यांनी ती दिली नाही त्यांत हुबळीचे स्वयंसेवक उठून दिसले, आणि त्याचा धागा पुढे फार लांब गेला.

जमनालालजी आत गेल्यावर जुलैच्या अखेरीस वल्लभभाई पटेल नागपूरला आले. गुजरातबाहेर त्यांनी नेतृत्व केलेली ही पहिली लढत. बार्डोलीचा सत्याग्रह अजून पाच वर्षे पुढे होता. वल्लभभाईंनी भाषणे फार केली नाहीत. तुकड्यांचा ओघ अखंड राहील हे पाहिले आणि थोरले बंधू विठ्ठलभाई यांच्यासह सरकारशी बोलणीही चालू ठेवली. तुरुंग भरले होते, गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांना हे कोडे कसेही करून सोडवायचे होते, आणि दिल्लीच्या सरकारला नमते घेतल्यासारखे दिसायला नको होते. मग ऑगस्टच्या मध्याला मनाईच्या हुकमाची मुदत संपली आणि तो पुढे वाढवला गेला नाही. १८ ऑगस्टला शंभरेक स्वयंसेवकांची तुकडी झेंडे घेऊन सिव्हिल लाइन्समधून पार गेली. कोणी अडवले नाही.

लगेच वाद सुरू झाला. सरकार म्हणाले, यांनी परवानगी मागितली म्हणून जाऊ दिले. वल्लभभाई म्हणाले, आम्ही मार्ग कळवला होता, परवानगी मागितली नव्हती. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य असावे. तडजोडींना अशी एक मोकळी फट लागतेच, ज्यातून दोन्ही पक्षांना आपापले तोंड घेऊन बाहेर पडता येते. काही फेरवाल्यांनी विचारले, एका रस्त्यावरून चालण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? कैदी सुटले. स्वराज्य काही मिळाले नाही.

पण हुबळीच्या त्या स्वयंसेवकांचे म्होरके डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांनी नागपूरवरून एक धडा घेतला. माणसे जोशाने येतात आणि शिस्तीअभावी कोसळतात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काकीनाडा काँग्रेसच्या वेळी त्यांनी स्वयंसेवकांची अखिल भारतीय संघटना उभी केली, जी पुढे हिंदुस्थानी सेवा दल म्हणून ओळखली गेली. या दलाने महिन्यातल्या शेवटच्या रविवारी सकाळी गावोगाव झेंडावंदन करण्याची प्रथा पाडली. रांगेत उभे राहायचे, झेंडा वर जाताना हालचाल करायची नाही, गीत म्हणायचे, पांगायचे. आज शाळेच्या पटांगणात पोरे ज्या अदबीने उभी राहतात, तिच्या वंशावळीत नागपूरचा तुरुंग आहे.

यानंतर झेंड्याला थांबवणे अवघड झाले. १९२९ सरता सरता मध्यरात्री लाहोरला रावीकाठी जवाहरलाल नेहरूंनी पूर्ण स्वराज्याचा तिरंगा उभारला. ६ एप्रिल १९३० ला सोलापूरच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तो चढवला. मे महिन्यात सोलापुरात लोक असे उसळले की काही दिवस सरकार शहरातून जणू नाहीसेच झाले होते. मग १२ मे रोजी मार्शल लॉ आला, आणि त्या अमलात लष्कराने राग काढला तो झेंड्यावर आणि गांधीटोपीवर. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. या चार नावांवरून एकदा नजर फिरवावी. झेंड्यावरचा कोणता पट्टा कोणाचा, हा प्रश्न सोलापूरने अशा रीतीने सोडवला होता.

१९३० च्याच पावसाळ्यात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या बिळाशी गावाने जंगल सत्याग्रहात सागाचे झाड तोडून आणले, त्याची काठी केली आणि देवळापुढे तिरंगा उभा केला. सरकारच्या जंगलातले सागवान तोडणे हा एक गुन्हा, त्यावर झेंडा लावणे हा दुसरा. पोलीस काठी उतरवायला आले तेव्हा गावच्या बायकांनी तिला वेढा घातला. गोळीबार झाला, माणसे मेली. इथे झेंड्याच्या कापडाइतकीच काठीही बोलकी आहे. सागाचा सोट आमच्या रानातला आहे, हे गावाला सरकारला सांगायचे होते, आणि ते सांगायला त्यांना तिरंगा आयता सापडला.

आता रंगांकडे वळायला हरकत नाही. रंग वाटून दिले की वाटेकरी वाढतात. १९२९ च्या सुमारास शिखांनी म्हटले, तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, तर आमचा पिवळा कुठे आहे? प्रश्न रास्त होता. गांधीजींनीच १९२१ साली दाराची ही कडी काढून ठेवली होती. एप्रिल १९३१ मध्ये कराचीला काँग्रेस कार्यकारिणीने सात जणांची झेंडा समिती नेमली. तिच्यात वल्लभभाई, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग आणि पट्टाभि सीतारामय्या होते, नागपूरचा धडा घेतलेले हर्डीकर होते, आणि साताऱ्यात जन्मलेले, गुजरातीत लिहून नावारूपाला आलेले काकासाहेब कालेलकर होते. समितीने प्रांतोप्रांती मते मागवली आणि सगळ्या भांडणावर एकच तोड काढली. झेंडा एकरंगी असावा, संपूर्ण केशरी, आणि काठीच्या बाजूला वर तपकिरी चरखा. एकच रंग म्हणजे वाटणीचा प्रश्नच मिटला.

तर्क बिनतोड होता. ऑगस्टमध्ये मुंबईला बैठक झाली आणि काँग्रेस समितीने ही शिफारस फेटाळली. माझ्या मते यामागे रंगशास्त्र नव्हतेच. तोवर त्या तीन पट्ट्यांखाली नागपूरचे कैदी आणि बिळाशीचे, सोलापूरचे लोक येऊन गेले होते. नवा झेंडा कितीही शहाणपणाचा असला तरी त्याने अजून एकही लाठी खाल्लेली नव्हती. काँग्रेस समितीने तीन पट्टे ठेवले, तांबड्याच्या जागी केशरी आणून तो सर्वांत वर नेला, पांढरा मध्ये, हिरवा खाली, आणि पांढऱ्यावर गडद निळा चरखा. ठरावातच लिहिले की रंगांचा कोणत्याही जमातीशी संबंध नाही: केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे शांती आणि सत्य, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य. दहा वर्षांपूर्वी जे हिंदू, मुसलमान आणि इतर होते, ते आता गुण झाले. ३० ऑगस्ट १९३१ हा दिवस देशभर झेंडा दिन म्हणून पाळला गेला.

१९४२ च्या 'चले जाव' चळवळीत नंदुरबारच्या शाळकरी पोरांनी यातला कोणता अर्थ मनात धरला होता? ९ सप्टेंबरला शिरीषकुमार मेहता हातात तिरंगा घेऊन मिरवणुकीपुढे होता. पोलिसांच्या गोळ्यांनी तो आणि त्याचे चार सोबती लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम गेले. शिरीषकुमारचे घर गुजराती, गाव खानदेशी.

स्वातंत्र्य येतेसे दिसल्यावर २३ जून १९४७ ला संविधान सभेने राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली ध्वज समिती नेमली. आझाद, राजगोपालाचारी, सरोजिनी नायडू, कन्हैयालाल मुनशी आणि डॉ. आंबेडकर तिच्यात होते. महिन्याभरात काम आटोपले. काँग्रेसचाच झेंडा थोड्या फरकाने घ्यायचा, असे ठरले. २२ जुलैला नेहरूंनी संविधान सभेत ठराव मांडला तेव्हा दोन झेंडे दाखवले, एक रेशमी आणि एक सुती खादीचा. चरखा का काढला याचे त्यांनी दिलेले कारण फार व्यवहारी होते. झेंड्यावरची खूण दोन्ही बाजूंनी सारखी दिसावी. पूर्ण चरखा काढला तर एका बाजूला चाक डावीकडे आणि चाती उजवीकडे, दुसऱ्या बाजूने सगळे उलटे. मग चरख्यातले मुख्य ते चाक ठेवले, आणि चाक घ्यायचे तर सारनाथच्या अशोकस्तंभावरचे. आरे चोवीस. त्याच चर्चेत डॉ. राधाकृष्णन यांनी रंगांचा आणखी एक अर्थ लावून दाखवला: केशरी म्हणजे निरिच्छपणा, पांढरा म्हणजे प्रकाश, हिरवा म्हणजे माती आणि वनस्पतींशी असलेले आपले नाते. सभासदांनी उभे राहून ठराव मंजूर केला.

गांधीजींना हा बदल रुचला नाही. चरखा आणि खादी नसेल तर त्या झेंड्याला सलाम करणार नाही, इथवर त्यांनी सांगितले. खादी राहिली. पुढे ती कायद्याने सक्तीचीच झाली आणि झेंड्याचे कापड हुबळीजवळच्या बेंगेरीला आणि आपल्याकडे नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार होऊ लागले. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावरच्या पॉलिएस्टरलाही वाट मोकळी झाली. झेंडे स्वस्त झाले, हे खरेच. वेंकय्यांच्या झेंड्यामागचा मूळ मुद्दा मात्र असा होता की तो विकत आणायची वस्तू नसावी, तो कातून करावा.

१४ ऑगस्टच्या मध्यरात्री हंसा मेहतांनी देशातल्या स्त्रियांच्या वतीने संविधान सभेला झेंडा अर्पण केला. १६ ऑगस्टला नेहरूंनी तो लाल किल्ल्यावर फडकवला. चित्रपटात इथे पडदा पडतो. मराठवाड्यात तो पडला नाही.

हैदराबाद संस्थानात निजामाने स्वतंत्र राहायचे ठरवले होते, आणि तिथे तिरंगा लावणे हा गुन्हाच राहिला. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिक्षक होते. संस्थान हिंदी संघराज्यात सामील व्हावे म्हणून त्यांनी ७ ऑगस्टला झेंडा सत्याग्रहाची हाक दिली. १५ ऑगस्टला पहाटे हैदराबादच्या सुलतान बाजारात त्यांनी तिरंगा उभारला आणि पोलिसांनी त्यांना नेले. दिल्लीत त्या सकाळी हाच झेंडा सरकारी इमारतींवर होता. लातूर, बीड, परभणी, नांदेडकडच्या पोरांना त्याच्यासाठी निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या लाठ्या आणखी तेरा महिने खाव्या लागल्या. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात दरवर्षी त्या दिवशी दुसरे झेंडावंदन होते.

गोव्याला याहूनही लांब वाट पाहावी लागली. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही निःशस्त्र, हातात तिरंगे घेऊन सरहद्दीवरून आत शिरले. त्यांतल्या पुष्कळांची रवानगी पुण्याहून झाली होती. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पनवेलचे हिरवे गुरुजी धरून वीसहून अधिक माणसे मेली. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या. त्यांना गोळ्या लागल्या, पण त्या वाचल्या आणि पुढे लोकसभेत निवडून गेल्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला.

आणि एवढे झाल्यावर स्वतंत्र देशातल्या सामान्य माणसाला आपल्या घरावर, दुकानावर, कारखान्यावर वर्षातल्या कोणत्याही दिवशी हा झेंडा लावायची मुभा होती का? नव्हती. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट असे ठरावीक दिवस सोडले तर तिरंगा सरकारचा होता. १९९० च्या दशकात आजच्या छत्तीसगडमधल्या रायगढच्या आपल्या कारखान्यावर उद्योजक नवीन जिंदल यांनी तो लावला, तेव्हा बिलासपूरच्या कमिशनरांनी आक्षेप घेतला. जिंदल कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान नवी ध्वजसंहिता येऊन २६ जानेवारी २००२ पासून नागरिकांना रोज झेंडा लावण्याची मोकळीक मिळाली. २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सन्मानाने झेंडा फडकवणे हा राज्यघटनेच्या १९ व्या कलमातल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. मात्र हा हक्क निरंकुश नाही, राष्ट्रचिन्हांचा गैरवापर आणि अवमान रोखणाऱ्या १९५० आणि १९७१ च्या कायद्यांची बंधने त्याला लागू राहतील, असेही न्यायालयाने सांगितले.